करंट आणि गूसबेरी: बागेतील व रानटी झुडपांचा वापरानंतरचा अनुभव

करंट आणि गूसबेरी ही लहान रसाळ फळांची झुडपे एकाच रिबीस प्रजातीतील असली, तरी त्यांना एकाच पद्धतीने वाढवता येत नाही, हे माझे इतक्या महिन्यांनंतरचे सर्वांत ठाम मत आहे. पानगळीनंतरच्या थंडीत मी काळी करंट, लाल करंट आणि गूसबेरी यांची रोपे लावली आणि त्यांच्या शेजारीच उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील दोन रानटी जातींनाही जागा दिली. आता ती सर्व झुडपे फळांचा दुसरा हंगाम संपवून विश्रांतीकडे वळली आहेत. आवळ्याशी किंवा रसभरीशी त्यांचे वनस्पतिशास्त्रीय नाते नाही. त्यांची गरजही निराळी आहे, आणि कडक हिवाळा हा त्या गरजेतला मुख्य भाग आहे.

काळी करंट सर्वांत चांगली फळते ती आदल्या वर्षी वाढलेल्या कोवळ्या लाकडावर. त्यामुळे तिला जमिनीतून दरवर्षी नवे फुटवे यावे लागतात, आणि ते यावेत म्हणून रोप रोपवाटिकेतील मातीच्या खुणेपेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर खोल लावून सर्व फांद्या एक-दोन डोळे राखून जमिनीलगत छाटाव्या लागतात. असे केल्यावर पहिल्या उन्हाळ्यात फळ मिळत नाही, आणि हाती आलेले निरोगी रोप असे कापून टाकणे जड जाते; पण दुसऱ्या वर्षी त्याच बुंध्यातून उठलेल्या सरळ, जोमदार फांद्यांवर लोंबणारे घोस पाहिले की त्या छाटणीचे कारण पटते. यापुढे दर हिवाळ्यात सर्वांत जुन्या, काळपट पडलेल्या फांद्यांपैकी सुमारे एक तृतीयांश तळापासून काढायच्या आहेत.

हीच छाटणी लाल करंटवर केली असती, तर पीक गेले असते. लाल करंट आणि तिचाच फिकट प्रकार असलेली पांढरी करंट जुन्या लाकडावरील आखूड फळफांद्यांवर आणि गेल्या वर्षीच्या वाढीच्या तळाशी फळतात. म्हणून त्यांना एक आखूड खोड, त्यावर कायमची ठेवलेली मोजकी मुख्य फांद्यांची चौकट आणि मधोमध मोकळी जागा अशी रचना द्यावी लागते. गूसबेरीचेही असेच आहे, फक्त तिथे मोकळ्या मध्यभागाचे मोल दुप्पट आहे: पेऱ्यांवरील काट्यांमधून हात आत घालता यावा आणि हवा खेळती राहून भुरीला आळा बसावा, ही दोन्ही कामे त्याने साधतात.

भुरीचा विचार जात निवडतानाच करावा, असे मी आग्रहाने सांगेन. अमेरिकेतून आलेली ही बुरशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात पसरली आणि तिथल्या गूसबेरीच्या जुन्या वाणांचे मोठे नुकसान झाले. मी निवडलेल्या ‘इन्व्हिक्टा’ या वाणात तिचा चांगला प्रतिकार आहे आणि दमट आठवड्यांतही त्याची पाने स्वच्छ राहिली. नत्रयुक्त खत मात्र बेतानेच द्यावे, कारण त्याने वाढणारी लुसलुशीत पालवी भुरीला लवकर बळी पडते. पालाश कमी पडू देऊ नये, कारण त्याच्या अभावी पानांच्या कडा करपतात. सॉफ्लाय या माशीसारख्या कीटकाच्या अळ्या झुडपाच्या आतल्या, खालच्या पानांपासून खायला सुरुवात करतात आणि वरून काही दिसेपर्यंत निम्मे झुडूप उघडे पडलेले असते, म्हणून वसंताच्या मध्यापासून तळची पाने उलटून पाहणे हेच खरे संरक्षण आहे.

रानटी जातींनी मला सर्वांत अधिक आनंद दिला. सोनेरी करंट कोरड्या, तापलेल्या जमिनीत तग धरते. त्याच उन्हाळ्यात गूसबेरीची पाने भर दुपारी मलूल होत होती. सोनेरी करंटच्या पिवळ्या फुलांचा सुगंध दूरवर जाणवतो, आणि फळे एकाच वेळी पिकत नसली तरी चव चांगली असते. दुसरी रानटी जात रिबीस सँग्विनियम, म्हणजे लाल फुलांची करंट; तिची फळे खाण्याजोगी असली तरी बेचव आहेत. तिला फळझाड म्हणून गुण देता येणार नाहीत. परंतु लवकर उमलणाऱ्या तिच्या लालसर घोसांवर मधमाश्यांची जी गर्दी होते, तेवढ्यासाठीही मी ती पुन्हा लावेन.

एका गोष्टीत रानटी आणि लागवडीखालील झुडपांत भेद करता येत नाही. पाच सुयांच्या, म्हणजे सुईसारखी पाने पाच-पाचच्या झुबक्यात असलेल्या, पाइनवर पडणारा तांबेरा आपले जीवनचक्र पाइन आणि रिबीस यांच्यावर आलटून पालटून पूर्ण करतो. या रोगामुळे अमेरिकेत रानातील असंख्य झुडपे उपटली गेली. तेथील संघीय निर्बंध 1966 मध्ये उठले, तरी काही राज्यांत नियम कायम राहिले. जवळपास असे पाइन असतील, तर काळी करंट लावण्याआधी स्थानिक नियम पाहावेत आणि ‘टायटॅनिया’सारखा तांबेऱ्याला प्रतिकारक वाण घ्यावा.

फळांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, काळ्या करंटच्या 100 ग्रॅम ताज्या फळांत सुमारे 180 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते आणि लाल करंटमध्ये त्याच्या एक चतुर्थांशाहून कमी. तरीही ताजी खाण्यासाठी मला पूर्ण पिकलेली गूसबेरीच अधिक आवडली. लाल करंटमध्ये पेक्टिन भरपूर असल्याने तिची जेली सहज आळते.

रोपे वाढवण्यासाठी पानगळीनंतर पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांची छाटकलमे लावावीत. लाल करंट आणि गूसबेरीच्या कलमांचे खालचे डोळे काढून टाकल्यास मोकळे खोड मिळते. काळ्या करंटचे सर्व डोळे तसेच ठेवावेत. मात्र हिवाळ्यात ज्या झुडपाच्या कळ्या अवाजवी गोल आणि फुगलेल्या दिसतात, त्यावरून एकही कलम घेऊ नये: आत असलेला सूक्ष्म कोळी एक विषाणू पसरवतो, त्यावर उपाय नाही, आणि असे झुडूप मुळासकट काढून नष्ट करावे लागते.