क्रिटिकल केअरचा सहा महिन्यांचा कोर्स: चांगला आहे, पण पास झाल्या झाल्या करू नका

हा रिव्ह्यू पणजीतल्या एका इन्स्टिट्यूटच्या क्रिटिकल केअर सर्टिफिकेट कोर्सचा आहे. नाव लिहीत नाहीये, कारण असे कोर्स आता बरेच निघालेत आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू होतं. मी डिचोलीची. बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं झाली, रजिस्ट्रेशन हातात आलं आणि पुढच्याच महिन्यात अ‍ॅडमिशन घेतली. फी 42 हजार, बाबांनी सोसायटीतून कर्ज काढून भरली, म्हणून हे सगळं मनापासून लिहितेय.

आधी चांगलं ते सांगते. शिकवणं खरंच छान आहे. व्हेंटिलेटरचे मोड, एबीजी (धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्लता यांची तपासणी) रिपोर्ट कसा वाचायचा, सक्शन, सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीची) काळजी, सगळं मॅडम हात धरून करून घेतात. एबीजीचे जुने रिपोर्ट समोर टाकायच्या आणि प्रत्येकीला उठून सांगायला लावायच्या, चुकलं तर ओरडायच्या नाहीत, परत पीएचपासून सुरू करायला सांगायच्या. कॉलेजात चार वर्षांत डोक्यात शिरलं नव्हतं ते तिथे महिन्याभरात शिरलं. माझी वही अजून जपून ठेवलीय.

खटकलं ते हे की अ‍ॅडमिशन घेताना कुणीही एका शब्दाने विचारलं नाही की बाई तू वॉर्डात काम केलंयस का. उलट जाहिरातीतच होतं, फ्रेशर चालतील, थेट आयसीयूत नोकरी. आता बघा, इंडियन नर्सिंग काउन्सिलचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे, त्याला अ‍ॅडमिशन घ्यायची तर आधी किमान एक वर्ष कामाचा अनुभव लागतो. बीएस्सीनंतर एमएस्सीला जायचं तरी एक वर्षाचा अनुभव लागतोच. मग सहा महिन्यांच्या कोर्सला ती अट नको? मला तेव्हा हे माहीत असूनही वाटलं, एक वर्ष वाचलं.

वाचलं काहीच नाही. कोर्स संपल्यावर एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूत लागले. दोन आठवडे ओरिएंटेशन आणि तिसऱ्या आठवड्यात नाइटला दोन पेशंट माझ्यावर, दोघंही व्हेंटिलेटरवर, जिथे खरं तर एकाला एक नर्स पाहिजे. रात्री दोनच्या सुमारास मॉनिटर ओरडायला लागला, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) 72. माझे हातपाय गार पडले, मी ऑक्सिजन वाढवला, डॉक्टरना हाक मारली, एबीजीचं किट काढलं. सीनियर सिस्टर आल्या, त्यांनी मॉनिटरकडे बघितलंसुद्धा नाही, पेशंटचे ओठ बघितले, छाती बघितली आणि बोटावरून घसरलेला प्रोब (सॅच्युरेशन मोजणारा चिमटा) परत लावला. 97. मला काही बोलल्या नाहीत. पण त्या आधी माणसाकडे बघतात आणि मी आधी आकड्याकडे, हा फरक मला त्या रात्री दिसला आणि तो कोर्सने भरून येणारा नव्हता.

पाच महिन्यांनी ती नोकरी सोडून दुसरीकडे मेडिकल वॉर्डात गेले. घरच्यांना वाटलं खाली आले. तिथे चौदा महिने काढले आणि आज मी आयसीयूत जी काही उभी आहे ती त्या चौदा महिन्यांवर.

वॉर्डात काय मिळतं ते एक दोन गोष्टींतून सांगते. पेडण्याच्या एक काकी होत्या, डायबेटिसच्या, शुगर कायम चारशेच्या घरात, घरी रोज इन्सुलिन घेते म्हणून शपथेवर सांगायच्या. डिस्चार्जच्या दिवशी इनचार्ज सिस्टर मला म्हणाल्या, त्यांना नुसतं समजावू नकोस, त्यांना करून दाखवायला सांग. काकींनी पिशवीतून सिरिंज काढली, नारिंगी टोपीची. म्हणजे एका मिलीला 100 युनिटवाली, आणि इन्सुलिनची बाटली होती एका मिलीला 40 युनिटची. ती लाल टोपीच्या सिरिंजने घ्यायची असते. म्हणजे काकी 20 च्या रेघेपर्यंत भरायच्या आणि अंगात जायचे 8 युनिट. कुणीतरी मेडिकलमधून चुकीची सिरिंज आणून दिली होती आणि कोण जाणे किती महिने हे चाललं होतं. उलट झालं असतं, म्हणजे 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजने, तर अडीचपट गेलं असतं आणि शुगर धाडकन खाली. आयसीयूत इन्सुलिन पंपावर चालतं, तिथे ही काकी मला कधी भेटलीच नसती.

दुसरे दोडामार्गचे आजोबा. (आपल्याकडे सिंधुदुर्गातले पेशंट किती येतात ते बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, गेलेल्या कुणालाही माहितीय.) सॅच्युरेशन 96, बीपी ठीक, ताप थोडासा. पण सारखे चादर चाळवत होते आणि सूनबाईंना म्हणत होते मला घरी ने. इनचार्ज सिस्टरनी मला घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला लावले. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, पूर्ण मिनिट. 28 भरले, म्हणजे श्वास फारच जलद. चार्टवर सकाळपासून प्रत्येक वेळी 18 लिहिलेलं, सगळ्या पेशंटना 18 लिहितात तसंच. डॉक्टरना तेव्हाच कळवलं, कल्चर (जंतूंची तपासणी) पाठवलं, अँटिबायोटिक सुरू झालं, संध्याकाळी वर आयसीयूत हलवलं. वॉर्डात प्रत्येक खाटेला मॉनिटर नसतो म्हणून डोळे, कान, हात वापरावेच लागतात, आणि ते एकदा लागले की सुटत नाहीत.

शिवाय भाषा. एकाच नाइटला एक आजी म्हणते बाये म्हाका बरें दिसना, पलीकडे बिहारचा कामगार, त्याच्या पुढे कारवारचं कुटुंब. कुणाचं दुखणं कुठल्या शब्दात येतं हे वॉर्डातच कळतं. व्हेंटिलेटरवरचा पेशंट बोलत नाही.

आता दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. माझी एक मैत्रीण पास झाल्यावर सरळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) गेली आणि उत्तम काम करतेय. पण तिला तीन महिने एकच सीनियर नेमून दिली होती, ड्युटी कायम तिच्याबरोबरच, एकटीला बाळ दिलंच नाही. असं कुठे मिळत असेल आणि स्टुडंट असल्यापासून तुम्हाला तेच करायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. आणि वॉर्ड म्हटला म्हणजे आपोआप शिकायला मिळतं असंही नाही. रात्री एका नर्सवर पंचवीस पेशंट असतील तर इंजेक्शनं देऊन रजिस्टर भरेपर्यंत सकाळ होते, शिकणार काय? त्यामुळे इंटरव्ह्यूला जाल तिथे पगाराबरोबर हेही विचारा की नाइटला एका नर्सकडे किती पेशंट असतात आणि पहिले दोन तीन महिने माझ्याबरोबर कोण असणार. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथे जाऊ नका, वॉर्ड असो की आयसीयू.

परत कोर्सकडे येते. वॉर्डातून आयसीयूत परत जायच्या आधी मी तीच वही काढून बसले आणि पहिल्यांदा प्रत्येक पानाला एक पेशंट आठवला. म्हणून मी म्हणते कोर्स करा, पण वर्षभर जनरल मेडिकल किंवा सर्जिकल वॉर्ड करून मग करा. अशांना माझ्याकडून साडेचार स्टार. कोऱ्या पाटीने जाणाऱ्यांना दोनच, आणि ते दोन मॅडमच्या शिकवण्याचे.

इन्स्टिट्यूटवाले वाचत असतील तर कळकळीची विनंती, फॉर्मवर अनुभवाचा एक रकाना टाका आणि तो कोरा असलेल्या मुलीला थोडं थांबायला सांगा, सीट रिकामी राहिली तरी चालेल.

बाकी माहिती: प्रॅक्टिकल लॅब छोटी आहे, वीसच्या बॅचला डमी दोनच, त्यामुळे लवकर जाऊन जागा धरावी लागते. क्लास साडेसहाला सुटायचा, मला डिचोलीची बस मिळायची पण वाळपईच्या मुलींची फार धावपळ व्हायची, लांबून येणाऱ्यांनी शनिवार-रविवारची बॅच घ्यावी. फी दोन हप्त्यांत भरता येते, ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत.