थप्प्या लागल्या आणि वायफाय गेले: लातूरच्या गोदामातील 11 महिने

लातूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा सोयाबीन तेलाचा कारखाना आहे आणि देखभालीचे काम माझ्याकडे आहे. गेल्या जूनमध्ये दोन गोदामे आणि वजनकाटा मिळून आम्ही 6 औद्योगिक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणाऱ्या पेट्या, बसवले. वायफाय 6 (वायफायची पिढी), आयपी 67 (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) वगैरे तपशील माहितीपत्रकात आहेतच, ते येथे पुन्हा देत नाही. मागच्या आठवड्यातील अवकाळी पावसात वजनकाट्यावरचा पॉइंट कायमचा बंद पडला आणि पुरवठादाराने वॉरंटी नाकारली, म्हणून लिहायला बसलो आहे.

निवड करताना माझा भर किमतीवरच होता, हे आधीच कबूल करतो. दरवर्षी परवान्याचे पैसे मागणारी यंत्रणा मी पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवली, कारण मुनीमजींना दर मार्चमध्ये त्या बिलाचा अर्थ समजावून सांगण्याची माझी तयारी नव्हती. त्या निर्णयाचा आजही पश्चात्ताप नाही.

जूनमध्ये पुरवठादाराचा माणूस मोबाइल हातात धरून गोदामभर फिरला, कोपऱ्याकोपऱ्यात रेंज पूर्ण दिसली आणि आम्ही सही केली. गोदाम त्या वेळी रिकामे होते. दसऱ्यानंतर आवक सुरू झाली, सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या छताच्या पत्र्याच्या हातभर खालपर्यंत गेल्या आणि मधल्या गल्ल्यांमध्ये हमालांच्या हातातील, वायफायवरून नोंदी पाठवणारे स्कॅनर बंद पडू लागले. सोयाबीनमध्ये 12 टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो, आणि पाणी वायफायच्या लहरी शोषून घेते. भरलेली थप्पी म्हणजे वायफायच्या दृष्टीने भिंतच असते, आणि वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी 5 गिगाहर्ट्झला ती 2.4 गिगाहर्ट्झपेक्षा जास्त अडवते. दिवाळीच्या तोंडावर वजनाच्या नोंदी पुन्हा वहीत लिहाव्या लागल्या आणि डिसेंबरपर्यंत हा माल टाकाऊ आहे असे मी चारचौघांत सांगत होतो.

ते मत आता मागे घेतो. दोष यंत्राचा कमी आणि मांडणीचा जास्त होता. खांबांवरचे पॉइंट काढून आम्ही ते गल्ल्यांच्या तोंडावर, गल्लीच्या लांबीकडे रोखून बसवले. त्यात एका पॉइंटची केबल 112 मीटर झाली. तांब्याच्या नेटवर्क केबलला 100 मीटरची मर्यादा असल्यामुळे मध्ये एक लहान नेटवर्क स्विच (सिग्नल पुढे पाठवणारी पेटी) घालावा लागला.

दुसरी दुरुस्ती फुकटात झाली. बसवणाऱ्याने प्रत्येक पॉइंटची प्रक्षेपणाची शक्ती कमाल, म्हणजे 23 डीबीएम (शक्ती मोजण्याचे एकक), ठेवली होती. ती साधारण 200 मिलिवॅट होते, तर आमच्या स्कॅनरची 15 डीबीएम म्हणजे जेमतेम 32 मिलिवॅट. पॉइंटचा आवाज स्कॅनरला दूरवर ऐकू येत होता, पण स्कॅनरचे उत्तर पॉइंटपर्यंत पोहोचत नव्हते. रेंज दिसत असल्यामुळे स्कॅनर जवळचा पॉइंट सोडून लांबच्यालाच चिकटून राहत होता. शक्ती उतरवली, 2.4 गिगाहर्ट्झवर फक्त 1, 6 आणि 11 हे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल वाटून दिले, आणि जानेवारीपासून गल्लीत स्कॅनर अडल्याची तक्रार आलेली नाही. एका पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना तुटणारा संपर्क सांधण्यासाठी 802.11 आर ही सोय आहे, पण आमचे जुने स्कॅनर ती ओळखतच नाहीत. पॉइंट घेण्यापूर्वी स्कॅनरचे माहितीपत्रक वाचायला हवे होते. थप्प्यांच्या आतील तापमान मोजणारे संवेदक मात्र मी मुद्दाम वायफायवर ठेवले नाहीत, ते 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या लोरावर, म्हणजे थोडी माहिती लांबवर पाठवणाऱ्या रेडिओ पद्धतीवर, अत्यंत कमी बॅटरीत निमूट चालतात.

आता वजनकाट्यावरचा पॉइंट जिच्यामुळे गेला ती ग्लँड. पॉइंटच्या पेटीच्या तळाशी केबल आत नेण्यासाठी रबरी वायसर असलेली एक प्लास्टिकची नट असते, तीच ग्लँड. तिच्या छिद्रातून फक्त उघडी केबल जाते, टोकाला प्लग आधीच बसवलेला असेल तर ती जात नाही. म्हणजे केबल आत ओवून, मग शिडीवर उभे राहून प्लग दाबून बसवावा लागतो. आमच्याकडे आलेल्या माणसाने तो कंटाळा केला, ग्लँड काढून टाकली आणि त्या जागी काळी टेप गुंडाळली. केबलला खाली झोल न देता ती वरून सरळ आत नेली, त्यामुळे पाणी केबलवरून ओघळत थेट पोर्टमध्ये गेले. त्याच केबलमधून वीजही वाहते, म्हणून ओल्या पिना नुसत्या गंजल्या नाहीत, तर हिरव्या पडून झिजून गेल्या. पेटी उघडून मी त्यांचा फोटो पाठवला, तर उत्तर आले की आयपी 67 ही हमी ग्लँड बंद असेल तरच लागू होते. नियम बरोबर आहे, पण ग्लँड काढणारा माणूस तुमचाच होता, हे मी तीन पत्रांत लिहिले आणि तिन्ही वेळा मला माहितीपत्रकाचे तेच पान परत आले. शंभर रुपयांच्या आतल्या वस्तूसाठी एक पॉइंट गेला, त्याचा राग मला किमतीपेक्षा जास्त आहे.

बाकीचे 5 पॉइंट पत्र्याखालच्या मे महिन्यातही एकदाही न थांबता चालले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. नवा पॉइंट याच बनावटीचा मागवला आहे, मात्र बसवणार मी स्वतः, आणि त्यासाठी प्लग दाबण्याची पक्कड कालच गंजगोलाईच्या बाजारातून आणली. तिसऱ्या गोदामाची पाहणी नोव्हेंबरमध्ये, थप्प्या पुऱ्या लागल्यावर, स्कॅनर हातात धरूनच करायची, असे मालकांना लेखी कळवले आहे.