मूळ पुली ठेवावी की हलकी बसवावी?

क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या टोकावरची पोलादी किंवा बिडाची पुली काढून तिथे ॲल्युमिनियमची हलकी पुली बसवावी का, हे केवळ वजनकाट्यावर ठरत नाही. मूळ पुली काढून समोरून पाहिली, तर पुष्कळ इंजिनांत तिचे दोन भाग दिसतात: शाफ्टवर बसणारा आतला तुंबा आणि पट्ट्याच्या खाचा असलेले बाहेरचे जड कडे. या दोहोंच्या मधे काळ्या रबराची काही मिलिमीटर जाडीची रिंग असते. निर्णय बहुतांशी या रिंगवर अवलंबून आहे.

हलक्या पुलीचा फायदा खरा आहे, पण तो फक्त वेग वाढवताना मिळतो. एकसमान वेगाने धावणाऱ्या गाडीला तो मिळत नाही. एक ढोबळ हिशेब करून पाहू. 15 सेंटिमीटर व्यासाची अडीच किलोची पुली काढून त्याच व्यासाची 800 ग्रॅमची बसवली, दोन्ही सरसकट चकत्या धरल्या आणि चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर मानली, तर एकूण 13 गुणोत्तराच्या (चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या 13 फेऱ्या) पहिल्या गिअरमध्ये होणारी बचत गाडीतून साधारण 9 किलो वजन उतरवण्याइतकी भरते. गुणोत्तर 4 वर येणाऱ्या वरच्या गिअरमध्ये तीच बचत एका किलोच्याही आत येते, कारण हा परिणाम गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो. रिकाम्या गिअरमध्ये इंजिन चटकन फिरते, कानाला ते सुखावते आणि मालकाला गाडी बदलल्यासारखी वाटते; घड्याळ मात्र एवढे उदार नसते. रोलर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर आकडा थोडा वाढलेला दिसतो, तोही बहुधा फिरते वजन कमी झाल्यामुळे. इंजिनाने जास्त ताकद निर्माण केलेली नसते.

आता मूळ पुलीची बाजू. प्रत्येक स्फोटासरशी क्रँकशाफ्टला किंचित पीळ बसतो आणि तो उलटा सुटतो. ठरावीक फेऱ्यांवर हे हेलकावे शाफ्टच्या नैसर्गिक कंपनांशी जुळले की वाढत जातात. बाहेरचे जड कडे त्या वेळी किंचित मागेपुढे होते आणि रबर त्या कंपनांची उष्णता करून टाकते. ही जोडणी त्या विशिष्ट शाफ्टसाठीच जुळवलेली असते. एकाच तुकड्यातून कातलेल्या हलक्या पुलीत हा बंदोबस्त नसतो. नुकसान लगेच दिसत नाही, हीच त्यातली फसवी गोष्ट आहे: बेअरिंगची झीज, पुलीचा बोल्ट सैल होणे, शाफ्टच्या नाकावर बसणाऱ्या ऑइल पंपाच्या गिअरला तडे आणि टोकाच्या प्रसंगी शाफ्टच तुटणे, असा क्रम हजारो किलोमीटरनंतरही सुरू होऊ शकतो. एका रांगेतील सहा सिलिंडरांच्या लांब शाफ्टला धोका अधिक. आखूड चार सिलिंडरांच्या शाफ्टला कमी, पण शून्य नव्हे. शर्यतीचे इंजिन वरचेवर उघडून तपासले जाते, म्हणून तिथले उदाहरण रोजच्या गाडीला लागू पडत नाही.

काही हलक्या पुल्या व्यासानेही लहान असतात. त्यामुळे पट्ट्यावर चालणारे अल्टरनेटर (वीज बनवणारे जनित्र), वॉटर पंप आणि एसी यांचा वेग घटतो व त्यांच्यावर खर्च होणारी ताकद वाचते. परंतु मिनिटाला 750 फेऱ्यांच्या आयडलला (गाडी उभी असतानाच्या इंजिनाच्या किमान वेगाला) सुमारे 2000 फेऱ्या फिरणारा अल्टरनेटर, क्रँकची पुली 20 टक्के लहान केल्यावर 1600 वर येतो. रात्री, गर्दीत, दिवे आणि एसी चालू असताना ही तूट बॅटरीतून भरली जाते. शिवाय पट्ट्याची लांबीही बदलावी लागते.

मूळ पुलीत रबर नसेल आणि ती खरोखरच साधी असेल, तर त्याच व्यासाची, अचूक तोललेली हलकी पुली बसवायला माझी हरकत नाही. फक्त क्रँक सेन्सरचे (शाफ्टची स्थिती टिपणाऱ्या सेन्सरचे) दाते पुलीवरच नाहीत ना, हे आधी पाहावे आणि नवा बोल्ट ठरलेल्या टॉर्कनेच आवळावा. रबर असेल तर क्रँकच्या पुलीला हात लावू नये. हौस असलीच, तर वॉटर पंप किंवा पॉवर स्टिअरिंगची पुली हलकी करता येते, लाभ नगण्य असला तरी. अल्टरनेटरच्या पुलीत एकाच दिशेने पकडणारा क्लच असल्यास मात्र तिच्या जागी साधी पुली चढवू नये, कारण पट्टा फडफडू लागतो.

आणि जुनी पुली ठेवायचे ठरले, तरी तुंब्यापासून कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पुढच्या सर्व्हिसिंगला ती रेघ रबरापाशी तुटलेली दिसली, तर कडे सरकले आहे. तेव्हा पुली बदलायचीच, पण मूळ बनावटीचीच.