घणसोलीतली आमची अंगणवाडी: शिकवणं पहिल्या दर्जाचं, खोली दहा बाय बाराची

माझा धाकटा नवी मुंबईतल्या (जिल्हा ठाणे) घणसोलीत आमच्या माथाडी वसाहतीतल्या अंगणवाडीत जातो, आता दुसरं वर्ष चालू आहे. मोठीला त्या वयात कोपरखैरण्याच्या एका खासगी नर्सरीत घातलं होतं. म्हणजे दोन्हीकडचा अनुभव घरात आहे. खाली पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच, "तुम्ही खरंच अंगणवाडीत घातलंय? तिथं फक्त खिचडी देतात ना?" म्हणून एकदा सविस्तर लिहिते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला त्या वयात जे मिळायला हवं, ते इथे मिळतं. कमी आहे ती जागा, आणि कमी आहे तो ताईंचा, म्हणजे अंगणवाडी सेविकेचा, वेळ. या दोन्ही गोष्टी सरकारनं पैसे घातले तर सुधारतील अशा आहेत.

आधी नर्सरीचं सांगते. वर्षाची फी 42 हजार. गणवेश, पुस्तकांचा संच, स्नेहसंमेलनाच्या ड्रेसचं भाडं, सगळं वरून. खोल्या हवेशीर, भिंती रंगवलेल्या, दारावर सिक्युरिटी, संडास मुलांच्या उंचीचे. ही सोय खरीच होती आणि मला ती आवडली होती. पण साडेतीन वर्षांच्या मुलीला चाररेघी वहीत पानंच्या पानं ए, बी, सी, डी गिरवायला लावायचे. घरी पुन्हा दोन पानं. बोटं दुखतात म्हणून ती रडायची आणि मी तिचा हात धरून ती पानं पूर्ण करून घ्यायचे, कारण दुसऱ्या दिवशी वहीत लाल शेरा यायचा. वर्षअखेरीस तिला 1 ते 50 म्हणता येत होतं, पण वाटीत पाच शेंगदाणे घाल म्हटलं तर ती मूठभर घालायची.

अंगणवाडीत वही नाहीच. सकाळी मुलं गोल बसतात, हात धुणं आणि नखं बघणं होतं, मग बडबडगीतं. त्यानंतर ताई रोज एक काहीतरी मांडतात. आमच्या वसाहतीत बहुतेकांचे वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी, माझे मिस्टरही कांदा-बटाट्याला आहेत. मुलांचा आवडता खेळ म्हणजे बाबांसारखी गोणी उचलणं. ताईंनी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून त्यात वाळू भरली: कुठली पाव किलोची, कुठली अर्ध्या, कुठली एक किलोची. मुलांनी त्या उचलून बघायच्या, हलकी आधी आणि जड शेवटी अशी रांग लावायची. मग एक जण व्यापारी, एक जण मापाडी, बाकीचे पिशव्या मोजून गाडीत टाकणार. गाडी म्हणजे उलटी ठेवलेली चटई. मी एकदा दारात थांबून बघत होते. माझा पोरगा दोन पिशव्या दोन हातांत धरून ताईंना सांगत होता, "ही मोठी दिसते पण हलकी आहे." चार वर्षांच्या मुलानं हे स्वतः शोधून काढलं होतं. त्या आठवड्यात घरी त्यानं कांदे, लसूण, माझा मोबाईल, मिस्टरांचा बूट, सगळं हातात तोलून बघितलं.

असंच मटकी, चवळी आणि राजमा निवडून वेगळे करणं, पानांचे आकार जुळवणं, मोज्याच्या बाहुल्यांची गोष्ट. पेन्सिल हातात देण्याआधी बोटांना ताकद यायला हवी, म्हणून मणी ओवणं, कणीक मळणं, कागद फाडून चिकटवणं. राज्यानं अंगणवाड्यांसाठी 'आकार' नावाचा अभ्यासक्रम आणला, तोही अशाच खेळांवर उभा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानं 2020 मध्ये तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पहिला टप्पा धरला आणि अंगणवाडीला त्यात घेतलं.

मला वाटतं आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या लोकांना खेळातून शिकवण्याची ही रीत आपलीच आहे याचा विसर पडलाय. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1926 साली गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघ काढला आणि 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला. गरिबांची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. माँटेसरी पद्धतीची महागडी लाकडी साधनं परवडत नव्हती, म्हणून शंख-शिंपले, पानं, बिया, माती. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये हेच काम वाढलं. अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना त्यानंतर, 2 ऑक्टोबर 1975 ला, देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात सुमारे 1 लाख 10 हजार अंगणवाड्या आहेत. आमच्या ताईंची वाळूची पिशवी थेट बोर्डीहून आली आहे असं मी मानते.

आता जेवण. बचत गटाकडून गरम डबा येतो. खिचडी, मटकीची उसळ, कधी लापशी. चव घरच्यासारखी नसली तरी मुलं एकत्र बसून खातात आणि घरी भाजीला नाक मुरडणारा माझा मुलगा तिथे उसळ संपवतो. पण यात माझा एक ठाम आक्षेप आहे. मी दाणा मार्केटला एका गाळ्यावर हिशेब लिहिते, त्यामुळे भाव मला पाठ असतात. 2017 मध्ये नियम होता की तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं मिळावीत. त्यासाठी मुलामागे दिवसाला 8 रुपये, हा दर त्याच वर्षी ठरला. निम्मे पैसे केंद्राचे, निम्मे राज्याचे. 25 मुलं धरली तर दिवसाचे 200 रुपये. एवढ्यात कडधान्य, तेल आणि मसाला बसवायचा म्हणजे उसळीत पाणी जास्त आणि मटकी कमी हे होणारच. गटाच्या बायकांना दोष देऊन उपयोग नाही. हिशेबच तुटीचा आहे. आपल्याच जिल्ह्यात शहापूरच्या आदिवासी भागात अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी-केळी मिळतात. ती योजना आदिवासी क्षेत्रापुरती आहे. शहरातल्या वस्तीतल्या मुलालाही आठवड्यातून दोन अंडी मिळाली तर त्याचा फायदा वजनकाट्यावर दिसेल.

वजनकाट्याचं काम इथे चोख होतं. दर महिन्याला वजन-उंची, आणि ताई आलेख दाखवून समजावतात. गेल्या पावसाळ्यात धाकट्याची रेघ पुढे जाईना. मला घरी काही जाणवलं नव्हतं, कारण रोज डोळ्यांसमोरचं मूल बारीक झालेलं आईला दिसत नाही. ताईंनी नागरी आरोग्य केंद्रात पाठवलं, जंताचं औषध झालं, काय खायला घालायचं ते सांगितलं, आणि पुढच्या महिन्यांत रेघ परत चढली. 42 हजार घेणाऱ्या नर्सरीत मुलीचं वजन कुणी कधी केलं नव्हतं.

खोलीचं मात्र वाईट आहे. दहा बाय बारा, भाड्याची. एका कोपऱ्यात शिध्याची पाकिटं, एका कोपऱ्यात रजिस्टरांचं कपाट, उरलेल्यात मुलं. सगळी आली तर गोल करता येत नाही, दोन ओळी कराव्या लागतात. संडास घरमालकाचा, तोही मोठ्या माणसांच्या मापाचा. पावसात दार लावलं की आत कोंदट होतं, उघडलं की पाणी आत. बाहेर पार्किंग, त्यामुळे मैदानी खेळ नाही. केंद्राच्या निकषात अंगणवाडीची इमारत 600 चौरस फुटांची हवी, स्वयंपाकघर, कोठार आणि मुलांचा संडास धरून. आमची 120 फुटांत चालते.

असं का, याचं उत्तर पैशाच्या वाटेत आहे. नव्या इमारतीसाठी 12 लाख रुपये ठरवले गेले, त्यातला मोठा वाटा, 8 लाख, रोजगार हमीच्या निधीतून घ्यायचा. रोजगार हमी गावात असते, शहरात नाही. म्हणजे ज्या शहरात जागा सगळ्यात महाग, तिथल्या अंगणवाडीला इमारतीची ही वाटच बंद, आणि भाड्यालाही सरकारी मर्यादा. त्या मर्यादेत घणसोलीत काय मिळतं ते मी वर सांगितलं. सिडको या सरकारी कंपनीनं हे शहर आखून वसवलं. आमच्या नोडमध्ये, म्हणजे शहराच्या आमच्या भागात, शाळांचे, मैदानांचे, मार्केटचे भूखंड नीट पाडलेले दिसतात. अंगणवाडीसाठी म्हणून बांधलेली एकही वास्तू मला आमच्या आसपास सापडली नाही. दुसरीकडे महापालिकेच्या शाळांच्या इमारती इतक्या चांगल्या आहेत की खासगी शाळांनी बघून जावं. काही शाळांत पालिकेच्या बालवाड्याही चालतात. शाळेच्या आवारातच अंगणवाडी असावी असं नवं धोरणही म्हणतं. तळमजल्यावरचा एक वर्ग दिला तर मुलांना संडास, मैदान आणि पहिलीची ओळख, तिन्ही एका जागी मिळेल. याला नवं बांधकाम लागत नाही. दोन खात्यांनी एकत्र बसून एका चावीचा निर्णय करायचा आहे.

दुसरी अडचण वेळेची. ताईंकडे मुलं शिकवण्याशिवाय काय काय असतं ते बघून मला धाप लागते. गरोदर बायकांची नोंद, बाळंतिणींच्या भेटी, तीन वर्षांखालच्या मुलांचा शिधा, लसीकरणाच्या दिवशी घरोघर बोलावणं. 2021 पासून पोषण ट्रॅकर ॲपवर रोजची हजेरी आणि वजनं, आता शिधा देताना बाईचा चेहरा मोबाईलवर जुळवायचा. नेटवर्क नसलं की एकेका चेहऱ्याला पंधरा मिनिटं. 2024 च्या जुलैत लाडकी बहीणचे अर्ज आले तेव्हा दारात बायकांची रांग आणि आत मुलं मदतनीस मावशींच्या भरवशावर. अर्जामागे 50 रुपये प्रोत्साहन जाहीर झालं होतं, पण त्या दिवसांत वाळूच्या पिशव्या कपाटावरच राहिल्या. योजना कुणाच्याही भल्याची असो, तीन तास मुलांचे असतील तर ते मुलांचेच असले पाहिजेत. त्या वेळेत दुसऱ्या कुठल्याही खात्यानं ताईंना हात लावू नये, एवढा एक नियम कडक पाळला तरी शिकवणं दुप्पट होईल.

आणि त्यांचं मानधन. केंद्रानं 2018 मध्ये सेविकेसाठी 4,500 रुपये ठरवले, वरची भर राज्य घालतं. 2023 च्या डिसेंबरात त्या संपावर गेल्या, जानेवारी सरेपर्यंत अंगणवाड्या बंद होत्या. 2024 मध्ये वाढ झाली आणि मानधन 13 हजारांवर गेलं, वर प्रोत्साहन भत्ता. सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं. तरीही कागदावर त्या 'मानसेवी' आहेत. माझ्या मुलीच्या पहिलीच्या बाईंना पगार आहे, आणि त्या पहिलीसाठी मूल तयार करून देणाऱ्या ताईंना मानधन. हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. 13 हजारांत घणसोलीत वन आरके भाड्यानं घेऊन दाखवा.

नोकरी करणाऱ्या आयांसाठी एक सूचना. दुपारी अंगणवाडी सुटते, तेव्हा मी गाळ्यावर असते. माझ्या सासूबाई आहेत म्हणून जमतं. शेजारच्या ज्या बाई महापे एमआयडीसीत कंपनीत जातात त्यांना नाही जमलं. त्यांनी मुलीला काढून दिवसभराच्या खासगी पाळणाघरात ठेवलं. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची 'पाळणा' योजना केंद्राकडे आहे. नवी मुंबईसारख्या कामगार बायकांच्या शहरात ती आधी यायला हवी.

नाव घालायचं असेल तर: फी नाही, दारिद्र्यरेषेचा दाखला लागत नाही, सहा महिने ते सहा वर्षांचं कुठलंही मूल चालतं (तीन वर्षांखालच्यांना शिधा, वर्ग तीनपासून), आणि शाळेसारखी जूनची वाट बघावी लागत नाही. मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि आईचं आधार घेऊन जा. अकराच्या आधी जा, म्हणजे वर्ग चालू असलेला बघायला मिळेल. वर्ग बघितल्याशिवाय नाव घालू नका, कारण प्रत्येक अंगणवाडी सारखी नसते. आणि एकदा घातलंत की पालकसभेला या. आमच्या सभेला बहुतेक वेळा चार-पाच आया असतात. पालिकेच्या शाळेतला वर्ग मागणारा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे, त्यावर सह्या हव्या आहेत. घणसोलीतल्या कुणाला करायची असेल तर सोमवार ते शुक्रवार सकाळी कागद ताईंच्या टेबलावर असतो.