जुनं राइडिंग मोवर: एक्स्चेंजला द्यावं की स्वतः विकावं?

राइडिंग मोवर म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन. जुनं देऊन नवं घेताना एक्स्चेंजचा आकडा ऐकून बहुतेकांचं तोंड उतरतं. डीलरचा हिशोब मात्र सरळ असतो. मशीन पुढे ज्या भावाला जाईल, त्यातून दुरुस्ती, ते पडून राहण्याचा खर्च आणि स्वतःचा नफा वजा करायचा. उरेल ते तुमचं. थेट गिऱ्हाइकाला विकलंत तर ही वजाबाकी वाचते, पण फोटो, घासाघीस आणि ‘फायनल किती?’ विचारून गायब होणारी मंडळी पदरात पडतात.

दोघांची नजरही वेगळी असते. घरगुती गिऱ्हाईक सीट, टायर, रंग बघतं आणि किल्ली फिरवल्यावर मशीन लगेच सुरू होतं का, एवढ्यावर निम्मा निर्णय घेतं. डीलरचा माणूस आधी अवर मीटर, म्हणजे मशीन किती तास चाललं ते, वाचतो, मग टॉर्च घेऊन डेकखाली, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणाखाली, वाकतो. ओलं गवत तिथे चिकटून राहिलं की पत्रा आतून गंजतो, वरून रंग कितीही चकचकीत असला तरी. पातं हाताने फिरवून तो बेअरिंगची घरघर ऐकतो. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, गिअर असेल तर मशीन तापल्यावर चढावर नेऊन बघतो. झिजलेला गिअर थंड असताना छान ओढतो आणि आतलं ऑइल तापलं की दम टाकतो. इंजिन मात्र तो थंड असतानाच सुरू करेल. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन बघितलं की संशय येणारच.

म्हणून विकण्याआधीच्या खर्चाचं गणितही बदलतं. नवी बॅटरी, धार लावलेली पाती, स्वच्छ कार्बोरेटर हे थेट विक्रीत वसूल होतं. डीलरकडे ही कामं त्याच्याच वर्कशॉपमध्ये स्वस्तात होतात, त्यामुळे त्यांचे पैसे तो क्वचितच मोजतो. इंजिन किंवा गिअर उघडायची वेळ आली असेल तर दोन्हीकडे तोटाच. तो खर्च करूच नका.

एक्स्चेंजमधली खरी गोम नव्या मशीनच्या किमतीत असते. जुन्याचा भाव ऐकायला गोड लावायचा आणि नव्यावरची सूट गुपचूप काढून घ्यायची, हा खेळ जुना आहे. आधी नव्याची किंमत पक्की करून घ्या, जुन्याचा विषय नंतर काढा आणि शेवटी खिशातून किती जाणार एवढंच बघा. काही ठिकाणी कर फक्त फरकाच्या रकमेवर लागतो; तसं असेल तर एक्स्चेंजचं पारडं बरंच जड होतं.

हंगामाचं म्हणाल तर, गवत वाढू लागायच्या तोंडावर थेट विक्री जोरात होते. हंगाम सरल्यावर गिऱ्हाईकही नसतं आणि डीलरचं अंगणही भरलेलं असतं, फक्त नव्यावर सूट बरी मिळते.

माझं मत विचाराल तर डेक शाबूत, ऑइल वेळेवर बदललेलं आणि थंड इंजिन निळा धूर न काढता सुरू होणारं मशीन असेल, तर एक्स्चेंजला देऊ नका. चढावर दम टाकणारं मशीन अनोळखी माणसाच्या गळ्यात मारण्यापेक्षा डीलरला दोष सांगून दिलेलं बरं. त्याला तो तसाही सापडणार आहे. डीलर विकत नाही अशा कंपनीचं मशीन तो कदाचित घेणारही नाही. बंद पडलेलं मशीन मात्र सुट्या भागांसाठी विका: इंजिन ठीक असेल तर एवढ्यासाठीही गिऱ्हाईक मिळतं.