जुन्या घरावर फायबर सिमेंटचे साइडिंग : चौदा महिन्यांनंतर

मॅसॅच्युसेट्समधील आमचे घर १९२० च्या दशकातले, लाकडी सांगाड्याचे आहे. बाहेरून साइडिंग, म्हणजे भिंतीवरचे आवरण, म्हणून सीडारच्या लाकडाच्या आडव्या फळ्या होत्या आणि उत्तरेकडच्या भिंतीवरचा रंग दर तीन-चार वर्षांनी पोपडे धरून सुटत असे. गेल्या वर्षी रंगारी तेथे खरवडू लागला, तेव्हा टोचणी सहज आत जाईल इतके लाकूड मऊ झालेले आढळले. मग नुसता रंग पुरणार नाही हे उघड झाले.

विनाइलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, साइडिंगचा विचार आम्ही लवकर सोडला. ते स्वस्त आणि हलके असते. पण त्यावर मूळ रंगापेक्षा गडद रंग दिला तर उन्हात जास्त तापून ते वाकण्याचा धोका असतो, आणि आम्हाला तर गडद हिरवाच रंग हवा होता. पुन्हा सीडार लावले असते तर घराचे रूप तंतोतंत राहिले असते, पण त्याच्या देखभालीला आम्ही थकलो होतो. म्हणून सिमेंट, वाळू आणि लाकडाच्या लगद्याचे तंतू यांपासून बनवलेल्या फायबर सिमेंटच्या फळ्या निवडल्या, आणि त्याही कारखान्यात रंगवलेल्या न घेता केवळ प्रायमर लावलेल्या घेतल्या.

जुना रंग काढणे हे या कामातील सर्वांत नाजूक काम होते. अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात शिसे असणारच असे धरून चालावे. शिशाच्या कामाचे प्रमाणपत्र असलेला कंत्राटदारच आम्ही घेतला. त्याने भिंतीलगतच्या जमिनीवर प्लॅस्टिक अंथरले, खिडक्या बंद करून घेतल्या आणि निघालेला प्रत्येक तुकडा पिशव्यांत बांधून नेला. यासाठी जास्त पैसे गेले, पण घरात लहान मूल असल्यामुळे येथे काटकसर करणे आम्हाला मान्य नव्हते.

फळी कितीही चांगली असली तरी पाणी तिच्या कडांतून शिरते, हे मी या चौदा महिन्यांत शिकलो. कोकणात पावसाची झड बसणाऱ्या भिंतीला झापे बांधतात, त्यामागेही भिंत पाण्यापासून दूर ठेवण्याचाच विचार असतो. येथे आम्ही हाऊसरॅपवर (भिंतीला गुंडाळलेल्या पाणीरोधक आवरणावर) उभ्या पट्ट्या ठोकून फळीमागे जवळपास पाऊण इंचाची हवेची पोकळी ठेवली, म्हणजे आत गेलेले पाणी खाली निथळून जाते. फळ्यांचा सांधा जेथे येतो तेथे मागे फ्लॅशिंगची, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी, पट्टी हवी. जमिनीपासून सहा इंच आणि छप्पर किंवा डेकपासून (घरालगतच्या उघड्या ओट्यापासून) दोन इंच अंतर सोडावे लागते. कापलेल्या प्रत्येक टोकाला जागेवरच प्रायमर लावावा लागतो, आणि घाईत हेच सर्वांत आधी वगळले जाते.

आमच्याकडेही ते एका ठिकाणी वगळले गेले. मागच्या पायऱ्यांजवळची ती फळी शिवाय डेकला जवळजवळ टेकलेली होती. हिवाळ्यात तेथे बर्फ साचून राहिला आणि मार्चमध्ये तिची खालची कड फुगून पापुद्रे सुटू लागले. उरलेल्या घरावर मात्र गोठणे-वितळणे किंवा उन्हाळ्यातील उष्णता यांचा काहीच परिणाम दिसत नाही. शंभर टक्के ॲक्रिलिक रंगाचे दोन हात दिले होते. दक्षिणेकडच्या भिंतीवरही तो फिका पडलेला नाही. प्रायमरवर रंग देण्याची उत्पादकाने ठरवलेली मुदत, आमच्या बाबतीत १८० दिवस, पाळणे आवश्यक आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. फळ्या जड असतात आणि सपाट धरून उचलल्या तर मधोमध मोडतात, त्यामुळे मजुरी वाढते. त्या कापताना उडणाऱ्या धुळीत फुप्फुसांना घातक अशी सिलिका असते, म्हणून धूळ ओढणारी करवत आणि मास्क यांविषयी कंत्राटदाराला आधीच विचारावे. आमच्या घराच्या भिंती सरळ नव्हत्या. पट्ट्यांमागे पाचर घालून त्या सरळ केल्या नसत्या, तर भिंतीचा प्रत्येक उंचवटा तिरप्या उन्हात फळ्यांवर उठून दिसला असता. या कामासाठी दोन दिवस वेगळे ठेवावेत.

पायऱ्यांजवळची ती फळी एप्रिलमध्ये बदलली. नव्या फळीखाली दोन इंच मोकळे सोडले असून तिच्या खालच्या कडेवर प्रायमर मी स्वतः लावला आहे.