फर्मागुडीचे बी.ई. की इलेक्ट्रॉनिक्समधले बी.एस्सी.?

बारावी झालेला भाचा डिचोलीहून फोनवर विचारतो, "मामा, इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचंय, पण कुठून?" प्लेसमेंटची पत्रकं बाजूला ठेवून सांगतो.

वर्षे बघ. फर्मागुडीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचे बी.ई., म्हणजे अभियांत्रिकीची पदवी, चार वर्षांची. बी.एस्सी. तीन वर्षांत होते, पण नुसत्या पदवीवर चांगली जागा मिळणे कठीण. ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठाचे एम.एस्सी. धरलेस तर पाच. खर्च म्हणजे फी कमी आणि जेवण-जागा जास्त, दोन्हीकडे.

खरा फरक कामाचा. वेर्णा-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत यंत्रे पीएलसीवर, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकावर, चालतात, सेन्सर तापमान-दाब मोजतात, स्काडा या देखरेखीच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर सगळी उत्पादन-लाइन दिसते. ती बंद पडली की रात्री दोनलाही कुणीतरी मीटर घेऊन पॅनलसमोर उभा लागतो. तिथे इंजिनिअर मागतात. सरकारी ज्युनिअर इंजिनिअरच्या जागेलाही पदविका वा अभियांत्रिकीची पदवीच लागते. बी.एस्सी.वाल्याला ते दार सहसा बंद. मात्र सेमीकंडक्टरच्या आत काय चालते, हे त्याला अधिक खोलात शिकायला मिळते. पुढे इलेक्ट्रॉनिक सायन्समधून नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा देता येते, प्राध्यापकी किंवा संशोधन करता येते.

मेहनत? बी.ई.चे गणित आणि सबमिशन्स दम काढतात.

कारखाना, ऑटोमेशन, लवकर पगार हवा असेल तर फर्मागुडी. शिकवायचे असेल, प्रयोगशाळेत रमत असशील तर बी.एस्सी.; पण एम.एस्सी.ची तयारी ठेवूनच. आणि बी.ई.ला जागा नाही मिळाली तर पणजीच्या सरकारी पॉलिटेक्निकची पदविका कर, तिथून थेट बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला जाता येते.